हे कुणासाठी शिजलंय?

लंडनला यायचं ठरलं की नातेवाइकांचा फोन येतो. व्हिसा, स्वेटर, छत्री सगळं विचारून झालं की शेवटी खरा मुद्दा निघतो : "अगं, आठ दिवस ब्रेड खाऊन नाही भागायचं. तिकडे आपलं जेवण कुठे मिळतं ते सांगून ठेव." सांगायला मला मनापासून आवडतं. पण पत्ते सांगायला लागले की थांबता येत नाही. इथे बांगलादेशातल्या सिलहटचे बंगाली आहेत, जालंधरचे पंजाबी, लाहोरकडचे पाकिस्तानी, जाफन्याचे तमिळ, नैरोबी-कंपालाहून आलेले गुजराती. प्रत्येकाची चूल वेगळी आणि ती इथे पेटण्याचं कारणही वेगळं. चव, भाव, स्वच्छता मीही बघते. पण नव्या हॉटेलात शिरले की आधी मनात येतं : हे कुणासाठी शिजलंय? समोर बसलेल्या पाहुण्यासाठी, की स्वयंपाक करणाऱ्याच्याच गावच्या माणसांसाठी? इतकी वर्षं इथे जेवल्यावर मला वाटतं, या एका प्रश्नातून हॉटेलचं बरंच काही कळतं.

सुरुवातीपासून पाहिलं तर पहिलं हॉटेल पाहुण्यांसाठीच निघालं होतं. पाटण्याच्या शेख दीन महंमदाने १८१० साली पोर्टमन स्क्वेअरजवळ जॉर्ज स्ट्रीटवर 'हिंदुस्तानी कॉफी हाउस' काढलं. हिंदुस्थानात कंपनी सरकारची नोकरी करून, पैसा गाठीला बांधून परतलेल्या साहेबांना तिकडच्यासारखं जेवण आणि हुक्का मिळावा, ही कल्पना. दोन वर्षांत तो कर्जात बुडाला. ज्या साहेबांच्या भरवशावर त्याने मांड मांडली होती, त्यांच्या घरी मसाल्याचं रांधणारे स्वयंपाकी आधीच होते. पुढे तो ब्रायटनला गेला आणि चंपीमालिशच्या स्नानगृहांमुळे राजेरजवाड्यांपर्यंत पोहोचला. हॉटेलच्या जागी आज एक हिरवी पाटी आहे. मी पाहुण्यांना तिथे नेते. पोट भरायला काही नाही तिथे, पण सुरुवात तिथूनच करावी असं मला वाटतं.

त्यानंतर शंभर वर्षं उलटली तरी इथे शिकायला आलेल्या हिंदी माणसाच्या पोटाची सोय काही झाली नव्हती. १९२१-२२ मध्ये बाबासाहेब आंबेडकर प्रिमरोझ हिलजवळ किंग हेन्रीज रोडवर १० नंबरच्या घरात राहत होते. महाराष्ट्र सरकारने २०१५ साली विकत घेतलेलं तेच घर. त्या काळच्या त्यांच्या उपासमारीची हकीकत चरित्रात आहे. घरमालकीण सकाळी देणार एक टोस्ट, माशाचा तुकडा आणि कपभर बोव्हरिल, म्हणजे गोमांसाच्या अर्काचं गरम पेय. मग दिवसभर ग्रंथालय. रात्री अभ्यास करताना भूक असह्य झाली की ओळखीच्या एका गृहस्थाने दिलेल्या गठ्ठ्यातले चार पापड पत्र्यावर भाजायचे आणि दुधाबरोबर खायचे. या शहरातल्या आपल्या जेवणाचा विचार करताना मला वीरास्वामी या बड्या हॉटेलातलं झुंबर नंतर आठवतं, आधी हे पापड आठवतात.

वीरास्वामी १९२६ चं, रीजंट स्ट्रीटवरचं. वेम्बलीच्या साम्राज्य प्रदर्शनात हिंदी जेवणाचं दालन चालवलेल्या एडवर्ड पामर यांनी ते काढलं. हे पामर म्हणजे जनरल विल्यम पामर आणि त्यांची मुसलमान पत्नी फैज बख्श यांचे वंशज. पेशवाईच्या अखेरच्या वर्षांत पुण्याच्या दरबारी रेसिडेंट होता तोच हा जनरल पामर. पुण्याचा हा धागा पुण्याच्या पाहुण्यांना सांगितला की त्यांना जेवण जास्त रुचतं, हा माझा अनुभव आहे. त्या हॉटेलला २०१६ साली मिशेलिनचा तारा मिळाला. जेवण उत्तम, अदब उत्तम, खिशाला जड. लग्नाच्या वाढदिवसाला जावं.

पण इंग्लंडला 'करी' खायला शिकवली ती रीजंट स्ट्रीटने नव्हे. ती शिकवली सिलहटच्या खलाशांनी. इंग्रजी जहाजांच्या पोटात कोळसा ओढणारे, भटारखान्यात राबणारे हे लोक लंडनच्या गोदीत उतरले. काही जहाज सोडून इथेच राहिले. आधी आपल्याच माणसांसाठी निवारे आणि खानावळी, मग महायुद्धानंतर स्वस्तात मिळालेले पडके कॅफे, आणि मग गावोगावची 'इंडियन' हॉटेलं. त्यांतली बहुतेक बांगलादेशी माणसांचीच आहेत. गोऱ्या गिऱ्हाइकासाठी त्यांनी कोर्मा, मद्रास, विंदालू अशी तिखटाची चढती पायरी बसवली. तो विंदालू गोव्याच्या माणसाने ओळखू नये इतका बदललेला. व्हिनेगरमध्ये मुरलेलं डुकराचं मांस कुठे आणि हा बटाटे घातलेला झणझणीत रस्सा कुठे. त्यांना नावं ठेवणारे पुष्कळ भेटतात. माझ्याच्याने ठेववत नाहीत. रात्री अकराला दारू पिऊन आलेल्या टोळक्याला हसून वाढायचं, शिव्या गिळायच्या आणि पोरांना शिकवायचं, हे त्या रश्श्यामागे आहे.

पूर्व लंडनमधल्या बंगाली वस्तीत, ब्रिक लेनवर गेलात तर बाहेर उभं राहून बोलावणाऱ्या पोऱ्यांना नम्रपणे नाही म्हणा आणि जिथे बंगाली म्हातारे जेवत बसलेत तिथे शिरा. ग्राम बांगलासारख्या साध्या जागी काचेमागे मांडलेल्या भाज्या आणि मासे बोटाने दाखवायचे. सातकोरा नावाचं जाड सालीचं लिंबू घातलेलं गोमांस हा सिलहटचा खास पदार्थ. कडवट-आंबट अशी ती चव दुसरीकडे कुठे भेटत नाही. गोमांस न खाणाऱ्यांनी मासा घ्यावा. आणि शुटकी, म्हणजे सुका मासा. तिचा वास आला आणि कोकणातला माणूस सोबत असला तर त्याचा चेहरा बघावा. सुकटीची चटणी नि भाकरी यांच्यावर वाढलेल्या माणसाला ती जागा पहिल्याच घासात आपली वाटते.

त्याच रस्त्याच्या कोपऱ्यावर १७४३ साली बांधलेली एक वास्तू आहे. फ्रान्समधून पळून आलेल्या प्रोटेस्टंटांनी ती प्रार्थनेसाठी बांधली, पुढे मेथडिस्टांची झाली, मग ज्यूंचं सिनेगॉग झाली आणि १९७६ पासून ती मशीद आहे. थोडं पुढे व्हाइटचॅपल रोडवर अलताब अली पार्क. कपड्याच्या कारखान्यात काम करणारा हा बंगाली तरुण ४ मे १९७८ च्या संध्याकाळी घरी परतत होता. वर्णद्वेष्ट्या पोरांनी त्याला भोसकून मारलं. जेवायला निघालेल्या माणसाला हे कशाला सांगायचं, असं माझ्या घरातल्यांना वाटतं. मला वाटतं, जेवायला निघालेल्या माणसालाच सांगायचं.

तिथून चालत पाच-दहा मिनिटांवर फील्डगेट स्ट्रीटला तय्यब्स. १९७२ पासून एकाच पंजाबी-पाकिस्तानी कुटुंबाचं. आजूबाजूच्या कारखान्यांतल्या कामगारांना जेवू घालणारा छोटा कॅफे होता, आज बाहेर रांगा लागतात. तापलेल्या तव्यावर चरचरत येणारे लॅम्ब चॉप्स ही त्यांची ओळख, पण माझं ऐकाल तर सुकं मटण मागवा. रस आटून मसाला हाडाला चिकटलेला, काळपट, तेल सुटलेला. माझे मामा मुंबईच्या भेंडी बाजारात आयुष्यभर खात आलेले. पहिला घास घेऊन ते काही बोलले नाहीत, फक्त वेटरला हाक मारून आणखी रोट्या मागवल्या. मग म्हणाले, "पोरी, या माणसाला कुणी मसाला कमी कर म्हणून सांगितलेलं दिसत नाही." तिथे दारू विकत नाहीत, पण आपली बाटली नेलेली चालते.

स्ट्रँडवरचा इंडिया क्लब आता नाही. तरी त्याच्याबद्दल लिहिल्याशिवाय मला पुढे जाववत नाही. स्वातंत्र्याआधी ब्रिटनमध्ये आपल्या बाजूने रान उठवणाऱ्या इंडिया लीगने १९५१ साली तो सुरू केला. लीगचे म्होरके कृष्ण मेनन तेव्हा इथले पहिले भारतीय उच्चायुक्त होते. दुकानांच्या मधोमध एक दार, सहज चुकावं असं. अरुंद जिना. पहिल्या मजल्यावर बार, दुसऱ्यावर जेवणाची खोली. सनमायक्याची टेबलं, ताठ पाठीच्या खुर्च्या, भिंतीवर गांधीजी. मसाला डोसा, मिरचीची भजी, बटर चिकन, मटण. तिथला डोसा काही दक्षिणेतल्या डोशासारखा नव्हता. पण इंडिया हाउस, म्हणजे आपली वकिलात, दोन मिनिटांवर, बुश हाउसमधलं बीबीसी समोर, लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्स मागच्या गल्लीत. त्यामुळे पंगत अशी बसे की एका टेबलावर वकिलातीतले कारकून, दुसऱ्यावर परीक्षेच्या काळजीत असलेली पोरं, खिडकीशी कुणी म्हातारा पत्रकार. एक डोसा मागवून तीन तास बसलं तरी कुणी उठ म्हणत नसे.

हे हॉटेल कुणासाठी शिजवत होतं? घरापासून लांब आलेल्या, खिशात फार नसलेल्या कुठल्याही भारतीयासाठी. मद्रासी, पंजाबी, बंगाली सगळे एकाच खोलीत आणि सगळ्यांना थोडं थोडं आपलं वाटावं असं जेवण. नुकत्याच स्वतंत्र झालेल्या देशाची ती खोली होती आणि सत्तर वर्षं ती तशीच राहिली. इमारतीचा कायापालट करायची तिच्या मालकांची योजना २०१८ मध्ये वेस्टमिन्स्टर कौन्सिलने फेटाळली. हजारो लोकांनी सह्या केल्या होत्या, मीही केली होती. पण १७ सप्टेंबर २०२३ ला क्लब बंद झालाच. शेवटच्या आठवड्यांत जिन्यावरून रांग खाली रस्त्यापर्यंत आली होती. त्या रांगेत मीही होते. पुढे उभ्या असलेल्या गुजराती आजोबांनी सांगितलं की ते विद्यार्थी असताना इथेच लग्नाचं ठरवायला भावी सासऱ्यांना भेटले होते. मागच्या दोन मुली नुकत्याच दिल्लीहून शिकायला आल्या होत्या आणि पहिल्यांदाच येत होत्या. एवढी जुनी, एवढी कमी भाड्याची, एवढी बेफिकीर जागा मध्य लंडनमध्ये पुन्हा होणार नाही. तिची मला अजून राग येण्याइतकी उणीव भासते.

पाहुणे कधी बारचंही विचारतात. त्यासाठी पश्चिम लंडनमधल्या साऊथॉलला जावं लागेल. मराठी मध्यमवर्गात वाढलेल्या बाईला बार म्हटलं की अंधारी खोली, पडदे आणि बाहेर 'परमिट रूम'ची पाटी डोळ्यापुढे येते. साऊथॉलच्या देसी पबमध्ये मी पहिल्यांदा गेले तेव्हा आत सबंध कुटुंबं होती. आजी मच्छी पकोडा खातेय, नातू चिप्स, बाप-लेक फुटबॉल बघतायत आणि मधे मिक्स ग्रिलचं भलंमोठं तापलेलं ताट धूर सोडतंय. यामागची गोष्ट मात्र कडू आहे. हेसजवळच्या रबराच्या कारखान्यात आणि नंतर हीथ्रोवर राबणाऱ्या पंजाब्यांना पन्नास-साठच्या दशकांत कितीतरी पबमध्ये शिरू देत नसत, किंवा वेगळ्या खोलीत बसवत. १९६५ च्या वंशभेदविरोधी कायद्याने हे बेकायदा ठरलं. पण कायद्याने दार उघडतं, आत बसणाऱ्यांच्या नजरा बदलत नाहीत. साऊथॉलच्या हॅम्ब्रो टॅव्हर्नमध्ये ३ जुलै १९८१ ला डोकी तासलेल्या, वर्णद्वेषी 'स्किनहेड' मंडळींचा बँडचा कार्यक्रम झाला, त्यांची टोळकी दुकानं फोडत आली आणि चिडलेल्या इथल्या तरुणांनी तो पबच पेटवला. हळूहळू पंजाब्यांनी पब चालवायला घेतले, मागच्या स्वयंपाकघरात तंदूर लावला. ग्लासी जंक्शन नावाच्या पबमध्ये तर रुपयांत बिल देता येई. तो २०१२ मध्ये बंद झाला, पण ती रीत पसरली. आता इस्लिंग्टनसारख्या उच्चभ्रू भागातही २०२२ पासून 'तमिळ प्रिन्स' आहे. दिसायला जुना इंग्रजी पब, बीअरबरोबर कांद्याची भजी आणि रोटी. जागा मिळवायला आधी नोंदणी करावी लागते.

वेम्बलीच्या बाजूला 'मारूज भजिया हाउस'मधली भजी खाल्ली नाही असा माझा एकही पाहुणा परत गेलेला नाही. पीठ लावलेल्या बटाट्याच्या पातळ चकत्या, वर कोथिंबीर, बाजूला आंबट चटणी. हा पदार्थ गुजरातेतून सरळ आलेला नाही, नैरोबीमार्गे आलाय. सोबत मोगो घ्या, म्हणजे तळलेला कसावा. इदी अमीनने १९७२ साली युगांडातल्या आशियाई लोकांना नव्वद दिवसांत देश सोडायला लावला, त्यांतले सुमारे २८ हजार ब्रिटनमध्ये आले. केनियातले त्याआधीपासून येत होते. दोनदा उखडलेल्या माणसांनी आफ्रिकेचा कंद टाकला नाही, हे मला फार मोलाचं वाटतं.

टूटिंगला जायचं ते कोत्तू रोटीसाठी. पराठ्याचे तुकडे, अंडं, मटण आणि रस्सा तापल्या तव्यावर दोन पात्यांनी खटाखटा तोडत एकत्र करतात, तो आवाज रस्त्यावर ऐकू येतो. जुलै १९८३ च्या दंगलींनंतर श्रीलंकेतून पळालेले तमिळ इथे वसले. सोहोतल्या हॉपर्सने २०१५ पासून हेच जेवण मध्य शहरात नेलं आणि छान नेलं, पण दोनच माणसांसाठी पैसे असतील तर सोहो, सहा जणांना न्यायचं असेल तर टूटिंग.

आता दिशूम. मुंबईचा कुणीही आला की हे नाव काढतोच. २०१० मध्ये कॉव्हेंट गार्डनला निघालं, मुंबईच्या इराण्यांच्या आठवणीवर. कयानी १९०४ चं, ब्रिटानिया १९२३ चं. असे इराणी आता हाताच्या बोटांवर मोजण्याइतके उरलेत. दिशूमची काळी डाळ खरोखर सुरेख असते. रात्रभर शिजलेली, जड, गुळगुळीत. बन मस्काही मऊ. आपल्या बारला त्यांनी 'परमिट रूम' हे नाव दिलं. १९४९ च्या मुंबई दारूबंदी कायद्याची ती आठवण. हे सगळं प्रेमाने केलेलं आहे आणि मला ते आवडतं. पण तिथे मला एक उणीव जाणवते. इराण्याकडे कॉलेजातला पोरगा आणि गोदीतला हमाल एकाच टेबलावर बसत, कारण चहाचा भाव दोघांच्या आवाक्यात होता. दिशूममध्ये खुर्ची, टाइल, आरसा सगळं आलं. हमालाला मात्र तिथे बसता येणार नाही. साऊथॉलचा टॅक्सीवालाही तिथे जेवायला जाणार नाही.

दार्जिलिंग एक्सप्रेसबद्दल माझं मत उलट आहे, जागा मध्यवर्ती आणि महाग असूनही. आस्मा खान यांनी घरी पंगती घालून सुरुवात केली, २०१७ मध्ये किंग्ली कोर्टला हॉटेल काढलं. स्वयंपाकघरात सगळ्या बायका. कुठल्या कॉलेजात न शिकलेल्या, घरी रांधून हात तयार झालेल्या. त्यांचं नाव निघालं की मला गिरणगावातल्या खानावळवाल्या आठवतात. कोकणातून, घाटावरून आलेल्या गिरणी कामगारांना दोन वेळा जेवू घालणाऱ्या या बायकांना प्रेमा पुरव यांनी १९७५ साली अन्नपूर्णा महिला मंडळात एकत्र आणलं. त्यांच्या रांधण्याला तोवर कुणी धंदा म्हणायलाच तयार नव्हतं. किंग्ली कोर्टमधल्या बायकांना जेवल्यावर लोक उभं राहून टाळ्या देतात, ते बघताना माझे डोळे भरून येतात.

आणि मग पाहुणे हमखास विचारतात : "अगं, पण मराठी हॉटेल?" मराठी माणसं इथे पुष्कळ वर्षं आहेत. महाराष्ट्र मंडळ १९३२ चं. तरी आपलं जेवण रस्त्यावर आलं नाही. याचं कारण मला आपल्या येण्याच्या रीतीत दिसतं. जहाजातून उतरून, कारखान्यात राबून, देशातून हाकललं जाऊन आलेल्यांनी हॉटेलं काढली, कारण दुसरं काही हातात नव्हतं. आपण आलो डॉक्टर, इंजिनीअर, बॅरिस्टर होऊन. पुरणपोळी घरात राहिली, अळूवडी मंडळाच्या गणपतीत. गरज पडली तेव्हा मात्र आपल्यातही हॉटेल निघालंच. मंदीत एकाची नोकरी गेली तेव्हा मुंबईच्या दोन कॉलेजमित्रांनी २०१० साली हाउन्स्लोमध्ये एका कोपऱ्यात 'श्री कृष्ण वडापाव' सुरू केलं. आज त्यांच्या शाखा आहेत, आणि लसणाची चटणी तशीच आहे.

हल्ली तीन-चार वर्षांत पुन्हा काहीतरी होतंय. नागपूर, लातूर, सांगलीची पोरं कर्ज काढून मास्टर्सला येतात, एका खोलीत तिघे-चौघे राहतात, रात्री गोदामात काम करतात. त्यांना सोहो परवडत नाही आणि रांधायला वेळ नाही. त्यांच्यासाठी घराघरांतून डबे निघू लागलेत. आमच्या हॅरोतच एक कोल्हापूरच्या वहिनी आहेत. पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, आमटी-भात, वारानुसार ठरलेलं. भाकरी ज्वारीचीच, पीठ वेम्बलीच्या गुजराती दुकानातून. मला वाटतं, लंडनमधली पहिली खरी मराठी खानावळ अशाच एखाद्या ओट्यावरून निघेल. तुम्ही येणार असाल तर त्यांचा नंबर मी देईन. आदल्या रात्री आठच्या आत निरोप टाकावा लागतो, तांबडा-पांढरा फक्त रविवारी, आणि पोरांचे डबे भरून झाल्याशिवाय त्या पाहुण्यांची ऑर्डर घेत नाहीत.